गणपतीत मिळालेला स्लॉट

कळवा नाक्यावरून विटाव्याकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात मागे तिघं बसतात आणि मधल्याला आपले हात कुठे ठेवायचे ते कळत नाही. मी मधली होते. उजवीकडे पन्नाशीचा एक माणूस. अंगाने सुकलेला, पण शर्ट कडक इस्त्रीचा. डावा हात त्याने बॅगेवर उताणा ठेवला होता, त्यावर कापसाचे दोन बोळे आणि वरून पांढरी चिकटपट्टी. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली नेहमीसारखं सगळं तुंबलं. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. रिक्षाची थरथर थांबली, तरी माझ्या कोपराशी काहीतरी थरथरतच होतं. मला वाटलं, पर्समधला मोबाईल वाजतोय. पण पर्स पायाशी होती. मी अंग चोरून घेतलं तसा तो माणूस म्हणाला, "ताई, तो माझा हात आहे. डायलिसिसचा. फक्त धक्का नका लागू देऊ."

मग अडकलेल्या रिक्षात होतात तशा गप्पा झाल्या. महापालिकेच्या केंद्रात जातो, आठवड्यातून तीनदा, सकाळची पाळी. आधी भांडुपला खासगीत जायचो. इथे नाव लावून ठेवलं होतं. "गणपतीत मिळाला स्लॉट. दिवा स्टेशनजवळचे एकजण होते माझ्या जागी. ते गेले." चांगला माणूस होता म्हणाला. चौकशीला गेलं की चेअरवरूनच हाक मारायचा, "काय, बघायला आलात का, आहे का अजून मी?" हे सांगताना तो हसला. मनापासून हसला. रिक्षावालाही आरशातून हसला. पुढचा टेम्पो हलला, इंजिन सुरू झालं, विटाव्याला तो उतरला. उतरताना डावा हात छातीशी धरून, उजव्याने सुटे पैसे दिले.

मला हसू आलं नव्हतं. पण तो हसला याचं वाईटही वाटलं नाही. दिवसभर ते वाक्य डोक्यात राहिलं. लोकलमध्ये आपण बसलेल्याला विचारतो, कुठे उतरणार? तो मुलुंड म्हणाला की आपण त्याच्या गुडघ्यांसमोर उभे राहतो. इथेही तेच चाललं होतं, फक्त उतरण्याचा अर्थ वेगळा होता.

माझी भाची डायलिसिस टेक्निशियन आहे. तिला फोन करून विचारलं, की बाई, असं खरंच असतं का? ती म्हणाली, "मावशी, मग दुसरं कसं असणार?" आणि तिने तोंडी हिशेब मांडून दाखवला. एका पेशंटला चार तास. मागचा ऑफ करून, मशीन धुऊन पुढचा ऑन करायचा, म्हणजे दिवसाच्या तीन पाळ्या. सोम-बुध-शुक्रचे वेगळे, मंगळ-गुरु-शनिचे वेगळे. म्हणजे एका मशीनवर सहा माणसं. दहा मशीन असली तर साठ. एकसष्टावा वेटिंगवर. मोतीबिंदूचा पेशंट ऑपरेशन होऊन घरी जातो, बाळंतीण टाके काढून जाते, डेंग्यूवाला प्लेटलेट वाढल्या की जातो. डायलिसिसचा पेशंट कुठेच जात नाही. सोमवारी घरी गेला तरी त्याची जागा बुधवारसाठी धरलेलीच असते. किडनी बदलली तर जागा सुटते, ते फार थोड्यांचं होतं. नाहीतर दिव्याच्या त्या माणसासारखी सुटते. ज्यांना हिपॅटायटिस झालाय त्यांना मशीन वेगळं लागतं, तिथली रांग आणखी वेगळी. हे सगळं तिने भाजी निवडता निवडता सांगावं तसं सांगितलं. ती रोज सकाळी सातचे पेशंट ऑन करते. तिला ही गोष्ट नवी नाही.

तिच्याकडूनच बाकीचं कळलं. हातात जी थरथर असते तिला ते लोक थ्रिल म्हणतात. मनगटापाशी किंवा कोपरापाशी धमनी आणि शीर जोडून देतात, रक्त जोरात धावायला लागतं, शीर फुगते आणि मग तिच्यात दोन जाड सुया घालता येतात. पेशंट रोज सकाळी उठल्याबरोबर बोटं ठेवून थरथर आहे ना बघतो. त्या हातावर झोपायचं नाही, त्या हाताने पिशवी उचलायची नाही, त्यावर बीपी घेऊ द्यायचं नाही. एकदा मशीनवर बसला की त्या चार तासांत सुमारे सव्वाशे लिटर शुद्ध पाणी मशीनमधून जातं. आणि ज्याच्यासाठी जातं त्याला दिवसभरात जेमतेम लिटरभर प्यायची परवानगी. मे महिन्यात लोक बर्फाचा खडा चघळतात. आंबा नाही, शहाळं नाही, भाजी उकळून पाणी फेकून द्यायचं. तरी कुणीतरी लग्नात जातो, पंगतीत मठ्ठा पितो आणि दोन किलो वजन वाढवून येतो. भाची त्यांना रागावते. "मावशी, काय रागावणार? माणूस लग्नात जाणारच ना."

आमचे मधले काका मला या सगळ्यात आठवत राहिले.

खारेगावला आमचं घर होतं तेव्हाची गोष्ट, नव्वदच्या दशकातली. मधले काका वागळे इस्टेटमध्ये लेथवर होते. कारखाना बंद पडला, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड गेलं आणि त्यानंतर आजार आला. हा क्रम आमच्या घरात फार वेळा उगाळला गेला, जणू आधी आजारी पडले असते तर शहाणपणाचं झालं असतं. त्या काळी आमच्यासाठी डायलिसिस म्हणजे परळ. काकू पहाटे डबा करायची आणि दोघं कळव्याहून स्लो लोकल पकडायचे. काका परत यायचे तेव्हा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा झालेला असायचा आणि तोंडाला विचित्र वास यायचा, गंजलेल्या नळाचा. आम्हा पोरांना सांगितलेलं असायचं की काकांच्या हाताशी खेळायचं नाही. तोच हात. तेव्हा तो थरथरतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि हात लावायची सोय नव्हती, म्हणून रिक्षात मला ते ओळखू आलं नसावं.

परळचं केईएम १९२६ सालापासूनचं, मुंबई महापालिकेचं. म्हणजे ठाणे महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या, मुंबईला एक रुपयाची घरपट्टी न भरणाऱ्या माझ्या काकांचं रक्त मुंबईच्या पैशांवर धुतलं जात होतं. हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा घरात बोलणं व्हायचं ते सुईचं, नळीचं, बाहेरून आणायच्या इंजेक्शनचं आणि तिकिटाचं. मशीन फुकट, पण फुकटाच्या आजूबाजूला जे काही असतं ते सगळं विकत. रक्त वाढायचं इंजेक्शन तर इतकं महाग, की काकूने एकदा ते आणलं तेव्हा शेजारणी बघायला आल्या होत्या. दागिन्यासारखं.

मग काका जायचे बंद झाले. आठवड्यातून तीनचे दोन झाले, दोनाचा एक झाला आणि एका पावसाळ्यात जाणंच थांबलं. घरात सांगायचे, "त्यांना कंटाळा आला." आजही कुणी विषय काढला की आत्या तेच म्हणते. कंटाळले होते ते. मी मोठी झाले, नोकरी केली, बँकेची पासबुकं बघायला शिकले आणि मग एकदा काकूच्या ट्रंकेत पतपेढीचं पुस्तक सापडलं. त्यातला शिल्लकीचा रकाना खाली खाली येत एका महिन्यात थांबला होता आणि त्याच महिन्यात काकांना कंटाळा आला होता. मी पुस्तक परत ठेवलं. काकूने ते जपून ठेवलंय म्हणजे तिलाही ठाऊक आहे. पण पैसे संपले म्हणून नवऱ्याला घरी बसवलं, असं कोण बोलून दाखवेल? कंटाळा ही सगळ्यांच्या सोयीची गोष्ट होती, काकांच्याही.

आमच्या मजल्यावर एक काका राहतात, महापालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. ऐरोलीत राहून आयुष्यभर दुसऱ्याच महापालिकेचे हिशेब केले. त्यांच्यापाशी मी हा विषय काढला तो घरपट्टीच्या बिलाच्या निमित्ताने. माहेरच्या घराचं ठाण्याचं बिल माझ्याकडे असतं आणि आमचं नवी मुंबईचं, अशी दोन बिलं मी चहाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बघत होते. सामान्य कर आहे, वृक्ष कर आहे, शिक्षण कर आहे, पाण्या-मलनिःसारणाचं काहीबाही आहे. झाडाला स्वतःची ओळ आहे. दवाखान्याला नाही. मी म्हटलं, हे काय? ते म्हणाले, "दवाखाना सामान्य करात. गटार, दिवे, पगार, स्मशान, सगळं त्यातच. आणि १९४९ च्या महापालिका अधिनियमात दवाखाने-रुग्णालयं ही बंधनकारक कर्तव्यांत येतात, ऐच्छिक नव्हे. कलम ६३ बघा. कर्तव्य आहे, किती करायचं ते लिहिलेलं नाही."

मग ते खुलले. निवृत्त माणसाला त्याच्या खात्याचं विचारलं की तो वीस वर्षांनी लहान होतो. म्हणाले, "हे बघा, मशीन कुणीही देतं. आमदार निधीतून येतं, कंपन्या सीएसआरमधून देतात, एखादा क्लब देतो. वर नावाची पाटी लागते. सुई कोण देतं? नळी, फिल्टर, आरओ प्लांटची देखभाल, रात्रपाळीची नर्स, यावर पाटी कुठे लावणार? मशीन भांडवली खर्चात, एकदाच होणाऱ्या. सुई महसुली खर्चात, रोजच्या रोज होणाऱ्या. भांडवलीला अनुदान मिळतं, महसुलीला आपला खिसा लागतो. आणि खिशातलं आधी पगाराला जातं." म्हणूनच मग महापालिका जागा, वीज आणि पाणी देते, मशीन आणि माणसं एखाद्या संस्थेची येतात आणि दर वेळच्या डायलिसिसमागे ठरलेली रक्कम त्या संस्थेला द्यायची, असा मार्ग काढला जातो. वाईट नाही तो. भाची अशाच ठिकाणी आहे. पण बिल रखडलं की आधी तिचा पगार रखडतो, मग फिल्टरचा साठा, आणि मार्चमध्ये तिच्याकडे दरवर्षी थोडी घालमेल असते.

मार्च पेशंटलाही असतो, गंमत म्हणजे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो. मूत्रपिंड परत सुरू झालेलं नसतं, पगार वाढलेला नसतो, पण गरिबी नव्याने सिद्ध करावी लागते. नवी मुंबईकरांचाही दाखला ठाण्याच्याच तहसीलदाराचा असतो, कारण महापालिका वेगळी असली तरी तालुका ठाणेच. रेशन कार्डाचे रंग तर १९९९ पासूनचे. वर्षाला १५ हजारांपर्यंत पिवळं, लाखापर्यंत केशरी, पुढे पांढरं. ठाण्यात वर्षाला १५ हजार रुपयांत कोण जगतं, हे मला कुणीतरी दाखवून द्यावं. विटाव्याच्या त्या माणसाचं कार्ड गावी भावाकडे होतं. आधारवर गावचा पत्ता, घर भाड्याचं, मालक करार रजिस्टर करायला तयार नाही. ही गोष्ट त्याने मला दोन वाक्यांत सांगितली आणि मला त्यातलं एकेक अक्षर ओळखीचं वाटलं.

एक मात्र कबूल करायला हवं. मोफत उपचारांची सरकारी योजना आली नसती तर तो माणूस त्या रिक्षात नसता. २०१२ साली आधी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात मुंबई होती, शेजारचं रायगड होतं, ठाणे नव्हतं. आमच्याकडे ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. आता महात्मा फुल्यांच्या नावाने आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि पांढऱ्या कार्डवाल्यांनाही घेतलंय. २०१६ पासून केंद्राचा डायलिसिसचा कार्यक्रमही आहे. धर्मादाय रुग्णालयांना उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेली योजना आहे: दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बलांना सवलतीत. मधल्या काकांच्या वेळी यातलं काहीही नव्हतं. मला राग येतो तेव्हा मी स्वतःला हे आठवून देते आणि राग थोडा शहाणा होतो. जात नाही.

कारण योजना मोजते ते चार तासांचं मशीन. काकूने पतपेढीतून काढलेले पैसे मशीनसाठी नव्हते. ते वाटेत गेले होते. रिक्षा, डबा, सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोज. डायलिसिसनंतर बीपी उतरतं, पायात गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून एकट्याने जायचं नसतं, आणि सोबत जाणारी बायको ऐरोलीच्या सेक्टरांत चार घरची कामं करणारी असली की आठवड्यातले तीन दिवस तिला अर्धेच मिळतात. भाची म्हणते, पहिली दोन वर्षं सोबतीला कोणीतरी असतं. मग पेशंट एकटा यायला लागतो. मग एखादा दिवस चुकतो. "दोन वेळा न आलेला तिसऱ्यांदा कॅज्युअल्टीत येतो, मावशी. नाहीतर येत नाही." मग ती फोन करते. मुलगा उचलतो आणि सांगतो, पप्पांना कंटाळा आलाय.

ते ऐकून मी गप्प बसले. तिने विचारलं, काय झालं?

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांच्या आत १८ रुग्ण दगावले तेव्हा अख्खा महाराष्ट्र कळव्याला आला होता. कॅमेरे, मंत्री, चौकशी समिती. तेव्हा ठाण्याचं सिव्हिल रुग्णालय पाडून नवं बांधायला घेतलेलं, त्याचा भार कळव्यावर, शिवाय मुंब्रा-दिव्यापासून शहापूर-जव्हारपर्यंतचे पेशंट पाचशे खाटांच्या त्या रुग्णालयात. ते अठरा चोवीस तासांत गेले म्हणून मोजले गेले. हे बरोबरच झालं. पण भाचीच्या वहीत ज्यांच्या नावापुढे आडवी रेघ येते ते घरी जातात, आपापल्या वाडीत, वेगवेगळ्या महिन्यांत. त्यांच्यासाठी कोण समिती नेमणार? त्यांच्या जागी दुसऱ्याच दिवशी कोणीतरी ऑन झालेला असतो. कागदावर केंद्र शंभर टक्के भरलेलं असतं आणि आढावा बैठकीत ते चांगलं दिसतं.

त्याच ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनापासून, राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं. महापालिकांच्या रुग्णालयांना मात्र तो निर्णय लागू नव्हता. सिव्हिल राज्याचं, कळवा महापालिकेचं. एकाच शहरातल्या दोन इमारती, पण खिडकीवरचा नियम वेगळा. पेशंटला दोन्ही "सरकारी"च. हे मी लेखावाल्या काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे. राज्याने जाहीर केलं, पैसे राज्याने दिले. महापालिकेने जाहीर केलं तर पैसे कोण देणार?" आणि मग त्यांच्या मनातलं बाहेर आलं. ठाण्याच्या करदात्याने मुरबाडच्या पेशंटचा खर्च का उचलायचा? विटाव्याच्या पुढे दिघा लागतं आणि महापालिका बदलते. दिघ्याचा माणूस कळव्यात आला तर तो कोणाचा? नवी मुंबईला स्वतःचं मोरबे धरण आहे, वाशी, नेरूळ, ऐरोलीत स्वतःची रुग्णालयं आहेत, तिने आपलं बघावं.

मी त्यांना परळची गोष्ट सांगितली. म्हटलं, मुंबईने असंच म्हटलं असतं तर? ते जरा थांबले. कप खाली ठेवला. "तेव्हा जकात होती," म्हणाले. "नाक्यावर रोजचा रोख पैसा. संध्याकाळी मोजायचा, सकाळी खर्चायचा. आमच्याकडे जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१५ मध्ये तोही बहुतेकांना माफ झाला, मग जीएसटी. आता वरून हप्ता येईल तेव्हा येईल." हे उत्तर नव्हतं, पण मला ते प्रामाणिक वाटलं. माझ्या काकांचं रक्त दहिसर-मुलुंडच्या नाक्यांवर थांबलेल्या ट्रकांनी धुतलं होतं, असं म्हणायला हरकत नाही. मुलुंडच्या नाक्यावर तासन् तास अडकून आपण त्या जकातीला किती शिव्या दिल्या होत्या.

ठाण्याच्या तलावपाळीला संध्याकाळी गेलं की मला छान वाटतं, हेही सांगून टाकते. पाण्यावर हलणारे रंगीत दिवे, भेळ, गर्दी. नवी मुंबईतल्या भिंतींवरची चित्रंही मला आवडतात. सौंदर्यीकरणाच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. शहर सुंदर असावं. फक्त दिव्यांची माळ एकदा लावली की लागली, तिचा फोटो निघतो. आणि माणसाला आठवड्यातून तीनदा चार तास जगवायचं म्हणजे वर्षाला १५६ वेळा तेच करायचं. त्यातल्या एकशे चाळिसाव्या वेळेचा फोटो कोण काढणार? जे पुन्हा पुन्हा करावं लागतं त्याला पैसे देताना आपल्या सगळ्यांचाच हात आखडतो, घरातही. आजारपणाच्या पहिल्या महिन्यात नातेवाईक फळं घेऊन रांग लावतात, काकूच्या दारात तिसऱ्या वर्षी कोण आलं होतं?

मध्ये काही वर्षं दोन्हीकडे नगरसेवकच नव्हते, नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार. तेव्हा लोक म्हणायचे, सुटलो एकदाचे. पेशंट तसं म्हणत नव्हते. खाट मिळवायला, फाइल हलवायला, नगरसेवकाचं लेटरहेड हे गरिबाचं एकमेव कागदपत्र होतं ज्यावर त्याचा पत्ता कुणी तपासत नसे. मला ही पत्रांची पद्धत पटत नाही. ज्याची ओळख त्याला खाट, हे कसं पटावं? पण ती नव्हती तेव्हा तिच्या जागी काही नियमाचं उगवलं असंही झालं नाही.

काय मागावं, हे मी लेखावाल्या काकांना विचारलं. मोठं नको, उद्या होईल असं. माझ्या मनात बस होती. एसटीच्या सवलतींच्या यादीत डायलिसिसचे रुग्ण आहेत. ठाण्याच्या टीएमटीने आणि नवी मुंबईच्या एनएमएमटीने तसं करावं, आणि सोबतच्या माणसालाही धरावं, कारण जाताना पेशंट एकटा जाऊ शकतो, येताना नाही. काका म्हणाले, परिवहनचं अंदाजपत्रक वेगळं असतं, आरोग्याचं वेगळं. परिवहन म्हणणार आम्ही तोट्यात. म्हणून आरोग्य विभागाने परिवहनला पैसे द्यायचे, त्यासाठी लेखाशीर्ष उघडायचं, आयुक्त स्थायी समितीला अंदाजपत्रक देतात त्याच्या आधी ते आत शिरायला हवं, म्हणजे पत्र दिवाळीनंतर लगेच. "फेब्रुवारीत आलात की सगळे म्हणतात, वा, चांगली सूचना आहे, पुढच्या वर्षी बघू."

मी पत्राचा मसुदा लिहून त्यांच्याकडे नेला. त्यांनी चष्मा लावून पहिले दोन परिच्छेद पेन्सिलीने उडवले. मधल्या काकांचा उल्लेख उडवला. "गरीब व गरजू रुग्णांच्या वेदना" ही ओळ तर उडवलीच. म्हणाले, भावनेचं पत्र फायलीत जातं, आकड्याचं पत्र टिपणीत जातं. किती रुग्ण, आठवड्याच्या किती फेऱ्या, सोबतचा धरून किती तिकिटं, वर्षाचा खर्च किती. तेवढं द्या, एका पानात. मी तिथूनच भाचीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिच्यामागे मशीनचे बीप वाजत होते.

"रुग्णसंख्या सांगते मी रजिस्टर बघून," ती म्हणाली. "पण मावशी, सध्याचे सांगू की वेटिंगमधले धरून?"

मी काकांकडे बघितलं. त्यांनी कागदावर नवा रकाना आखायला घेतला होता.

"धरून," ते म्हणाले.